मदत हवी आहे: टेनिस आणि जिम दोन्ही करायचंय, पण कोपर ऐकत नाहीये

लव्ह_थर्टी

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

वय ४६, वजन ८१, पुण्यात आयटीत, म्हणजे दिवसभर खुर्ची. ३९व्या वर्षी लेकीला टेनिसच्या कोचिंगला सोडायला जायचो, तासभर बाकड्यावर बसून मोबाईल बघण्यापेक्षा म्हणून मीच एक रॅकेट घेतली, लेकीने दोन वर्षांत सोडलं आणि मी मात्र अडकलो तो अडकलोच. आता लाल मातीच्या कोर्टवर सोम, बुध, शुक्र, रवि सकाळी साडेसहा ते आठ, जवळजवळ सगळं डबल्स. स्पर्धा वगैरे काही नाही, हरलेल्या जोडीने चहा पाजायचा एवढंच.

तर झालं असं की गेल्या वर्षी लक्षात आलं की तिसऱ्या सेटला माझी सर्व्हिस जाळ्यातच जाते, ओव्हरहेडला हात वर जातो पण जोरच नसतो. म्हणून जानेवारीत जिम लावली. मंगळ, गुरू, शनि. ट्रेनर चांगला मुलगा आहे, असेल चोवीसचा, त्याचं म्हणणं "सर चेस्ट आणि आर्म्स वाढले की सर्व्हिस आपोआप वाढणार". सर्व्हिस काही वाढली नाही, मार्चच्या मध्यापासून उजवं कोपर मात्र दुखायला लागलं. बाहेरच्या बाजूला जी हाडाची गाठ लागते ना, बरोबर तिथे. खेळताना फार कळत नाही, पण नंतर गाडीचा ॲक्सिलरेटर पिळताना कळ, किल्ली फिरवताना कळ, आणि परवा सांडशीने दुधाचं पातेलं उतरवताना अशी सणक आली की पातेलं सुटलं, अर्धा लिटर दूध ओट्यावरून खाली. तेव्हापासून घरात टेनिस हा विषय काढायची सोय नाही.

आता ट्रेनर म्हणतो दोन महिने टेनिस बंद करा, कोर्टवरचे म्हणतात जिम बंद कर, टेनिसवाल्याने वजनं उचलायची नसतात, हात जड होतो. मला दोन्ही सोडायचं नाहीये. कोणी दोन्ही सांभाळतंय का? वजनं उचलायची तर कुठली, कधी, किती? जाणकारांनी प्लीज सांगा.

घाटावरचा_भट्टू

टेनिस सोडा, पिकलबॉल धरा. आमच्या सोसायटीत सगळे काका तिकडेच गेलेत :)

लव्ह_थर्टी

@भट्टू, त्यातल्या दोन काकांच्या कोपरालाही पट्टा बघितलाय मी.

निरगुडी

पेशाने फिजिओ आहे. न तपासता निदान करत नाही, पण तुम्ही लिहिलंय ते टेनिस एल्बोसारखं वाटतंय, एकदा प्रत्यक्ष कोणाला तरी दाखवा, मानेतून येणारं दुखणंही कधीकधी तिथेच जाणवतं. हाताला मुंग्या येतात का? बधिरपणा? आणि हे सांगा: १) जिममध्ये नक्की काय काय करता, २) बॅकहँड एका हाताने की दोन, ३) रॅकेटचं गटिंग (तारांची जाळी) शेवटचं कधी केलं आणि कुठलं.

लव्ह_थर्टी

धन्यवाद ताई. मुंग्या नाहीत, बधिर नाही. जिममध्ये मंगळवारी चेस्ट-ट्रायसेप्स, गुरुवारी बॅक-बायसेप्स (लॅट पुलडाऊन, रोइंग, डेडलिफ्ट ६० किलो, बारबेल कर्ल), शनिवारी लेग्ज. रविवारी सकाळी मॅच असते तेव्हा पाय अक्षरशः लाकडाचे झालेले असतात, पार्टनर शिव्या घालतो. बॅकहँड एका हाताने, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा उशिरा लागतो.

गटिंग जानेवारीतच बदललं. ग्रुपमधल्या एका पंचविशीतल्या पोराने सांगितलं पॉलिएस्टर टाका, स्पिन येतो. ताण ५६ पौंड. अजून तुटलेलं नाही, मस्त टिकलंय.

बेसलाईनकर

टिकलंय?? अहो दादा, पॉलिएस्टर तुटत नाही हाच तर घोळ आहे. ते मुळात कडक, त्यात ५६, आणि काही आठवड्यांत त्यातला जीव जातो, मग प्रत्येक बॉलचा हादरा थेट हातात. जी पोरं दर थोड्या दिवसांनी तोडतात त्यांच्यासाठी आहे ते, आपण सहा सहा महिने तेच वापरतो. उद्याच्या उद्या कापून टाका आणि मल्टिफिलामेंट (बारीक धाग्यांची मऊ तार) टाका, ५०च्या आसपास. बॉल थोडा जास्त लांब जाईल, होईल सवय. आणि जानेवारीत जिमही सुरू केली आणि गटिंगही बदललं, मग दोष एकट्या जिमला कशाला देताय.

निरगुडी

बेसलाईनकरांशी सहमत, गटिंग आधी बदला. आता जरा सविस्तर लिहिते.

तुमचा आठवडा बघा. सोम, बुध, शुक्र, रवि रॅकेटची मूठ. मंगळ, गुरू, शनि डंबेल आणि बारची मूठ. मूठ घट्ट आवळली की मनगट सरळ धरून ठेवायचं काम हाताच्या मागच्या बाजूचे स्नायू करतात आणि ते येऊन चिकटतात ते बरोबर त्या गाठीला. म्हणजे तुम्ही एकाच टेंडनला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) सातही दिवस ड्यूटी लावलीय, एक साप्ताहिक सुट्टी नाही, वर दिवसभर माऊस. पातेलं का सुटलं तेही हेच, सांडशी धरताना तळवा खाली असतो, सगळा भार त्याच जागी. तळवा वर ठेवून तेच वजन उचलून बघा, बराच कमी दुखेल. त्यामुळे टेनिस की जिम हा वादच नाहीये, मुठीला सुट्टी कुठे आहे ते शोधा.

मी माझ्या पेशंटना असं सांगते: जिम दोनच दिवस, आणि टेनिसच्याच दिवशी संध्याकाळी. ऐकायला उलटं वाटतं, लोकांना वाटतं मोकळ्या दिवशी जिम करावी. पण सोमवारी सकाळी टेनिस, संध्याकाळी जिम, मंगळवार पूर्ण मोकळा. शुक्रवारी परत तसंच, शनिवार मोकळा. रविवारी ताजे पाय.

करायचं काय, तर आधी पाय आणि कंबर. सर्व्हिसचा जोर जमिनीतून येतो, गुडघे वाकतात, नितंब वळतात, धड फिरतं, खांदा येतो, हात सगळ्यात शेवटी. खालून जोर आला नाही की माणूस तो हाताने भरून काढतो, तिसऱ्या सेटला तुमचं तेच होत असणार, पाय संपतात आणि हात ओढतो. म्हणून गॉब्लेट स्क्वॉट (डंबेल दोन्ही तळव्यांवर कपासारखं धरायचं, मूठ आवळायची नाही), स्प्लिट स्क्वॉट पाठीवर सॅक घेऊन, बाजूला जाणारे लंजेस, हिप थ्रस्ट (पाठ बाकाला टेकवून कंबर वर उचलणं). यात कशातच मूठ लागत नाही. डेडलिफ्ट करायचीच तर मनगटाला बांधून बारला गुंडाळायचे पट्टे वापरा, वजन निम्मं. बारबेल कर्ल सध्या बंद, रोइंग तळवे समोरासमोर ठेवून हलकं. चेस्ट जाऊ द्या, पुशअप्स बास.

खांद्याला रबर बँड. कोपर बरगडीला चिकटवून पंजा बाहेर नेणं, आणि फेस पुल (बँड चेहऱ्याकडे ओढणं). सर्व्हिस मारल्यावर तो सुसाट निघालेला हात थांबवतं कोण, तर खांद्याच्या मागचे हे छोटे स्नायू. गाडीचं इंजिन वाढवलंत तर ब्रेकही वाढवायला नको का? बेंच प्रेसवाले नेमकं हेच विसरतात. ८ ते १२ रेप्स, २-३ सेट, शेवटच्या दोन रेप्स जड जातील इतपतच.

कोपरासाठी वेगळं: टेबलावर हात पालथा ठेवा, मनगट कडेच्या बाहेर, हातात एक लिटर पाण्याची भरलेली बाटली, म्हणजे एक किलो. डाव्या हाताने मनगट वर न्यायचं आणि उजव्याने चार-पाच सेकंद लावून हळूहळू खाली सोडायचं. १५ वेळा, ३ सेट, एकाआड एक दिवस. जड गेलं तर अर्धी बाटली. करताना १० पैकी ३ इतकं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर कमी करा. आठवड्यात फरक पडत नाही, सहा ते बारा आठवडे धरून चाला. आणि इंजेक्शनच्या मागे लगेच धावू नका, महिनाभर छान वाटतं, पुढे बऱ्याच जणांचं परत उलटतं.

मिसळपाववाली

वाचनखूण साठवली. एवढं फुकट कोण सांगतं हो ताई. मी बॅडमिंटनवाली आहे पण माझंही हेच रडगाणं.

उगाच_पळणारा

स्टॅमिनासाठी रोज ५ किमी पळा, तिसऱ्या सेटचा प्रश्न तिथेच सुटेल. मी तेच करतो.

बेसलाईनकर

पळण्याला विरोध नाही पण टेनिसमध्ये कोण सलग पळतं? सिंगल्सचं कोर्ट २७ फूट रुंद, डबल्सचं ३६, त्यात पार्टनर अर्धं सांभाळतो. तीन पावलं जोरात, करकचून ब्रेक, परत मागे, मग वीस सेकंद टॉवेल. आपल्या वयात पाय दगा देतो तो या धक्क्यालाच. आमच्या ग्रुपमधले एकजण ड्रॉपशॉटला पुढे धावले आणि मध्येच थांबून मागे वळून ओरडले "कोण रे तो, बॉल कोणी मारला?" मागे कोणीच नव्हतं. पोटरीचा स्नायू फाटला होता. याला टेनिस लेगच म्हणतात, चाळिशीनंतरच्यांचा खास आजार. दोन महिने घरी. तेव्हापासून आम्ही सगळे कोर्टवर जाताना पायरीच्या कडेला उभं राहून टाचा वर-खाली करतो, आधी दोन्ही पायांवर, मग एकेका. गुडघा सरळ ठेवून आणि थोडा वाकवून, दोन्ही प्रकारे. बघणाऱ्याला वाटतं सगळे कसली तरी वाट बघतायत.

पैलवानदादा_कोल्हापूर

तुमचं सगळं वाचून हसू आलं. बैठका म्हणजे काय वेगळं असतंय? आमच्या आज्ज्याच्या वेळेपास्नं तालमीत जोर, बैठका आणि मुद्गल. खांदा मुद्गलानं जेवढा मोकळा होतोय तेवढा त्या रबरानं होत नाय. मी टेनिस खेळत नाय पण पोरगा खेळतोय, त्याला दोन वर्षं मुद्गल फिरवाय लावलंय, खांद्याची तक्रार नाय.

निरगुडी

दादा, मुद्गलाला माझा विरोध नाही, उलट खांद्यासाठी सुंदर प्रकार आहे. पण त्यात मूठ आली, आणि मुद्गल डोक्यामागून परत येताना सगळा भार मनगटावर येतो. कोपर शांत झाल्यावर, हलक्या लाकडी मुद्गलाने, आणि तुमच्यासारख्या कोणाच्या तरी नजरेखाली. बैठका आजपासून चालतील.

सदाशिव_पेठी

आपल्या टेनिसपटू रोहन बोपण्णाचं उदाहरण कोणीच कसं दिलं नाही. जानेवारी २०२४ला ४३व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची डबल्स जिंकला. गुडघ्यातलं कार्टिलेज (कूर्चा) पार झिजलं होतं आणि अय्यंगार योगाने फरक पडला असं त्याने स्वतःच सांगितलंय. अय्यंगार गुरुजी आपल्या पुण्याचे, संस्था मॉडेल कॉलनीत, आणि आपण चाललो मशीनवर चेस्ट मारायला.

लव्ह_थर्टी

@सदाशिव_पेठी, मुद्दा मान्य. पण बोपण्णाला सकाळी दहाचा क्लायंट कॉल नसतो.

मंडळी सगळ्यांचे मनापासून आभार. त्या साप्ताहिक सुट्टीच्या वाक्याने खाडकन डोळे उघडले. मी बिनडोकासारखा आजपर्यंत मोजत होतो की पायाला सुट्टी कधी, छातीला सुट्टी कधी. गटिंग उद्या कापतो. ट्रेनरला कसं सांगायचं तेवढं बघावं लागेल, मनाला लावून घेतो तो.

लव्ह_थर्टी

अपडेट द्यायचं राहिलं होतं, साधारण नऊ आठवडे झाले.

एका फिजिओला दाखवलं, टेनिस एल्बोच निघाला. आईला सांगितलं तर म्हणाली "सचिनला झाला होता तोच ना?" २००४मध्ये त्याचं कोपर दुखलं तेव्हा आमच्या अख्ख्या चाळीला हा शब्द कळला होता, त्यामुळे घरात अचानक माझी इज्जत वाढली.

गटिंग बदललं, मल्टिफिलामेंट ५० पौंड. पहिले दोन दिवस सगळे बॉल बेसलाईनच्या बाहेर, आठ चहा पाजले. जिम सोम आणि शुक्र संध्याकाळी. ट्रेनरने पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, मग त्यानेच हिप थ्रस्ट नीट शिकवला आणि आता इतर गिऱ्हाइकांना "ग्रिप रेस्ट" असं काहीतरी सांगत असतो. बाटलीचा व्यायाम मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून करतो, अर्ध्या बाटलीपासून सुरू केला, आता दीड किलोचं डंबेल. मधे चौथ्या आठवड्यात बरं वाटतंय म्हणून हुशारी करून लॅट पुलडाऊन जुन्या वजनाने केलं आणि पाच दिवस मागे गेलो, ते आपलं आपण भोगलं. धागा काढला तेव्हा दुखणं १० पैकी ६ होतं, आता १-२, तेही गाडी फार चालवली तरच. सर्व्हिस अजून सचिनच्या थ्रोसारखी नाही झालेली, पण तिसऱ्या सेटला जाळ्याच्या वरून जाते. दुधाचं पातेलं उतरवायची मला अजून परवानगी मिळालेली नाही.

पाऊस सुरू झाल्याने मातीची कोर्टं आता बंदच, थेट गणपतीनंतर बघू. म्हणजे मूठ आपोआप मोकळी आहे आणि हातात तीन-साडेतीन महिने आहेत. निरगुडीताई, या काळात वजनं वाढवली तर चालतील ना, आणि आता मुद्गल सुरू करू का? पैलवानदादा, घ्यायचे झाले तर किती किलोचे घेऊ, आणि जोडी घेऊ की एकच? पुण्यात चांगले लाकडी कुठे मिळतात तेही कोणी सांगा.

पैलवानदादा_कोल्हापूर

एकच घ्या, दोन किलोच्या वर जाऊ नका. आणि फिरवताना वर पंखा हाय का बघा आधी.