गुडघ्याजवळच्या अस्थिभंगानंतर पेडलचा फेरा पूर्ण होत नाही. जोर लावावा का?

मंदगती (प्रश्न)

अकरा आठवड्यांपूर्वी ओल्या उतारावर वळण घेताना माझ्या सायकलचे पुढचे चाक घसरले आणि मी डाव्या अंगावर पडलो. नडगीच्या हाडाचे वरचे टोक, म्हणजे ज्यावर गुडघ्याचा सांधा टेकतो तो भाग, फुटून खाली दबला होता. शस्त्रक्रियेत तो उचलून प्लेट आणि स्क्रू बसवले गेले. पहिले आठ आठवडे पायावर अजिबात वजन टाकायचे नव्हते. आता क्ष-किरण तपासणीत हाड जुळत असल्याचे दिसत असल्यामुळे दोन कुबड्यांच्या आधाराने निम्मे वजन टाकण्याची, तसेच व्यायामाच्या स्थिर सायकलवर प्रतिरोध न ठेवता पाय फिरवण्याची परवानगी मिळाली आहे.

अडचण अशी की गुडघा ८५ अंशांपुढे वाकत नाही आणि पूर्ण सरळही होत नाही. साधारण दहा अंशांचा बाक उरतोच. मांडी दुसऱ्या मांडीपेक्षा उघड बारीक दिसते आणि संध्याकाळी घोटा सुजतो. स्थिर सायकलवर पेडल वर येताना पाय अडतो. दात-ओठ खाऊन एकदा फेरा पूर्ण केला की पुढचे सोपे होईल, असे एका मित्राचे म्हणणे आहे. तसे करावे का? आणि रस्त्यावर सायकल घेऊन जाण्यास कितपत अवकाश लागेल?

टाच_आणि_टॉवेल

मी फिजिओथेरपिस्ट आहे, परंतु आपला पाय मी तपासलेला नाही, त्यामुळे पुढील मजकूर आपल्या शल्यचिकित्सकांना विचारूनच अमलात आणावा. मित्राचा सल्ला मात्र आजच बाजूला ठेवा. अनेक आठवडे वजन न पडल्यामुळे हाड विरळ झालेले असते आणि बळजबरीने वाकवलेला सांधा दुसऱ्या दिवशी अधिक सुजतो. गुडघ्यात सूज असली की मांडीच्या पुढच्या स्नायूला पुरेसे आकुंचन पावता येत नाही, स्नायू दुबळा राहतो, आणि जे कमवायला गेलो तेच गमावून बसतो.

आपल्या प्रश्नात पेडलबद्दल चार वाक्ये आहेत आणि न सरळ होणाऱ्या गुडघ्याबद्दल अर्धे. माझ्या मते प्राधान्य नेमके उलट हवे. वाकणे कमी असले तरी माणूस बरा चालतो, कारण सपाट जमिनीवर चालताना गुडघा साधारण ६० ते ६५ अंशच वाकतो. सरळ न होणारा गुडघा मात्र प्रत्येक पावलाला लंगडायला लावतो आणि उभे राहतानाही मांडीच्या स्नायूला सतत ताणून धरावे लागते. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपत असाल, तर ती सवय मोडा. त्याने आराम वाटतो, पण सांधा त्याच बाकात आखडतो. त्याऐवजी गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या आणि पायाच्या स्वतःच्या वजनाने तो खाली येऊ द्या. पाच-दहा मिनिटे, दिवसातून अनेकदा. त्याच स्थितीत मांडी आवळून गुडघ्याची वाटी वर खेचण्याचा प्रयत्न करा. हा व्यायाम इतका साधा दिसतो की निम्मे रुग्ण तो करतच नाहीत, असा माझा अनुभव आहे.

दुखण्याबद्दल एक व्यवहार्य कसोटी सांगतो: व्यायाम करताना ताण जाणवणे चालेल, पण वाढलेले दुखणे किंवा सूज दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरली नाही, तर आदल्या दिवशीचे प्रमाण जास्त झाले असे समजावे.

दोन_कुबड्या

याच ठिकाणचे हाड मोडून मी सायकलवर परतलो आहे, त्यामुळे पेडलबद्दल थोडे लिहितो. पूर्ण फेऱ्यासाठी गुडघा सुमारे ११० अंश वाकावा लागतो, म्हणजे ८५ अंशांवर पाय अडणे स्वाभाविकच आहे. मी पेडल झोक्यासारखे पुढे-मागे नेत असे: अडते तिथे क्षणभर थांबायचे आणि परत फिरायचे. सीट नेहमीपेक्षा उंच ठेवली की वरच्या टोकाला गुडघा कमी वाकतो. पण आरशात स्वतःकडे पाहा, कारण गुडघा वाकत नसला की आपण नकळत कंबर उचलून फेरा पूर्ण करतो आणि प्रगती झाल्याचे समाधान मानतो; मी तीन आठवडे असेच फसलो होतो. माझा पहिला पूर्ण फेरा उलट्या दिशेने झाला, पुढच्या दिशेचा त्यानंतर काही दिवसांनी. क्रँकची, म्हणजे पेडल ज्याच्या टोकाला असते त्या दांड्याची, लांबी बदलता येणारी सायकल मिळाली, तर आखूड क्रँकनेही वाकण्याची गरज कमी होते.

‘निम्मे वजन’ म्हणजे किती, हे अंदाजाने कळत नाही. वजनकाट्यावर दुखरा पाय आणि शेजारी तेवढ्याच उंचीवर दुसरा पाय ठेवून, आधार धरून, हळूहळू भार द्या. काटा ठरलेल्या आकड्यावर आला की तो दाब लक्षात ठेवा. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा अपेक्षेच्या जेमतेम एक तृतीयांश भार देत होतो.

सावध_श्रोता

संध्याकाळी घोटा सुजणे आणि पाय उंचावर ठेवल्यावर सकाळपर्यंत सूज उतरणे हे अशा दुखापतीनंतर महिनोन्‌महिने चालू शकते. मात्र पोटरी अचानक दुखू लागली, गरम किंवा लालसर झाली, अथवा सूज रात्रभरातही उतरली नाही, तर नसेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागणे किंवा छातीत दुखणे असेल, तर तातडीच्या विभागातच जावे. तोवर पोटरी चोळून घेऊ नका.

मंदगती

सर्वांचे आभार. गुडघ्याखाली उशी होती, आणि ती रोज रात्री होती, आजपासून काढली. सूज सकाळी पूर्ण उतरते. रस्त्यावर परतण्याचा प्रश्न मात्र अजून उरतोच. फेरा पूर्ण जमू लागला की निघावे, असे समजायचे का?

टाच_आणि_टॉवेल

नाही. फेरा जमला म्हणजे स्थिर सायकल जमली, इतकेच. रस्त्यावर अचानक ब्रेक लावून पाय टेकवावा लागतो, आणि त्या क्षणी शरीराचा सगळा भार, तोही तिरका, एका पायावर येतो. कोणता पाय टेकवायचा हे ठरवायला तेव्हा वेळ नसतो. म्हणून हाड पूर्ण जुळल्याचा निर्वाळा मिळाल्यावर मी रुग्णाला दुखऱ्या पायावर न डगमगता उभे राहायला आणि त्याच पायावर ताबा ठेवून पायरीवरून सावकाश खाली उतरायला सांगतो. उतरताना गुडघा आत कोसळत असेल, तर अजून थांबायचे. कोणाला हे चार महिन्यांत साधते, कोणाला आठ लागतात.

दोन_कुबड्या

त्या थांबण्याच्या काळात सायकल दुरुस्तीला द्या. आदळलेला चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा भाग, वरून सरळ दिसला तरी त्याला तडा असू शकतो, विशेषतः तो कार्बनचा असेल तर. पडताना डोके आपटले असेल, तर हेल्मेट नवेच घ्यावे. परतल्यावर पहिले काही दिवस मी सीट एक बोटभर खाली ठेवली होती, म्हणजे दोन्ही पाय जमिनीला सहज लागत. गुडघा थोडा जास्त वाकवावा लागे, पण तोपर्यंत तेवढे वाकणे हाती आले होते.