पाण्यात म्हैस नि वर मोल
परदेशातली जुनी बोट घ्यायची तर व्हिडिओ कॉलवर बघून सौदा होतो, तिकीट-व्हिसाचा खर्च कशाला, असं काही जण म्हणतात. अर्धं पटलं. पहिली चाळणी फोनवरच लावा की. पण पुढं पाण्यात म्हैस नि वर मोल नको. मामेभावाबरोबर मी थायलंडात फुकेतला गेलो होतो (बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत जन्म गेला, म्हणून मला नेलं). बोट क्रेननं बाहेर काढायला लावली, तर तळाच्या फायबरवर वाटाण्याएवढे फोड. एक टोचला, तर व्हिनेगरसारखा आंबूस वास. पाणी आत मुरलेलं!

आणि इंजिन चालू करायच्या आधी त्याला हात लावा. आमचं कोमट लागलं, म्हणजे आम्ही यायच्या आधीच तापवून ठेवलेलं. गार इंजिन पहिल्या सेल्फला उठतंय का, धूर कसला टाकतंय, ते व्हिडिओत कुठलं कळायला? सौदा मोडला. विसार सर्व्हेच्या, म्हणजे बोटीच्या तपासणीच्या अटीवर दिलेला, तेवढा परत मिळाला. तिकिटाचे गेले.