येऊरला जायला आर्मी प्रिंटची पँट चालेल का?

वर्तकनगरची_मावशी
भाचा पक्षी बघायला येऊरच्या जंगलात जातो. परवा जांभळी नाक्यावरून बारीक चौकोनांची 'आर्मी पँट' घेऊन आलाय. सोसायटीतले काका म्हणतात, पोलीस धरतील. खरं का? आणि त्या ठिपक्यांनी माणूस खरंच लपतो?

कोपरीचा_गणू
काही होत नाही हो. अर्धं ठाणे स्टेशन तसल्या बर्मुड्यात फिरतंय.

ऐरोलीचा_फौजी
गणूशेठ, जरा थांबा. ताई, सैनिक असल्याचं भासवायला तसा पोशाख घातला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ लागतं. पोराचा तसा हेतू नाही, म्हणून कोणी आत टाकणार नाही. पण २०१६ मध्ये पठाणकोटच्या हल्ल्यानंतर सैन्याने लोकांना असे कपडे घालू नका आणि दुकानदारांना विकू नका, असं सांगितलं होतं. शिवाय सैन्याचा आताचा डिजिटल, म्हणजे बारीक चौकोनांचा प्रिंट निफ्ट या फॅशन संस्थेच्या मदतीने झाला, १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनाच्या परेडला पहिल्यांदा दिसला, आणि त्याचे हक्क सैन्याने नोंदवलेत. नाक्यावर हुबेहूब तसाच मिळत असेल तर विकणाराच चुकतोय. मी तरी पोराला घालू देणार नाही.

आता लपण्याचं. रंग जुळणं हे अर्धंच काम. मोठे डाग खांद्याची, मांडीची कड तोडतात, म्हणून लांबून माणसाचा आकार चटकन कळत नाही. नुसते बारीक चौकोन असतील तर लांबून सगळे मिसळून एकच फिका रंग उरतो. अमेरिकेने २००४ ला वाळवंट, जंगल, शहर सगळीकडे एकच करडा डिजिटल प्रिंट चालवायचा घाट घातला. धड कुठेच लपेना. २०१० मध्ये अफगाणिस्तानातल्या जवानांना वेगळं कापड द्यावं लागलं. आपलं येऊर तर श्रावणात हिरवंगार आणि मार्चात वाळकं. एका पँटीत दोन्ही कसं जमणार?

आणि धुणं! कॉम्बॅटला, म्हणजे लढाईच्या गणवेशाला कांजी, नीळ, चकाकी देणारी पावडर आम्हाला बंद. तसल्या पावडरीने कापड उन्हातला अतिनील प्रकाश शोषून निळसर चमकतं, आणि ती चमक पाखरांच्या नजरेत भरू शकते.

वर्तकनगरची_मावशी
बापरे, मी तर रोज तीच पावडर वापरते. मग काय घेऊ?

ऐरोलीचा_फौजी
साधी मातकट सुती पँट, साध्या साबणाने धुतलेली. आणि त्याला म्हणावं, बूड टेकून गप्प बस. हात हलला की पाखरू उडालंच, अंगात काहीही घाल.

कोपरीचा_गणू
माझ्या बर्मुड्याला कोणी गिऱ्हाईक आहे का?