‘निवांत शनिवार’ वाचून डोकं उठलं

कपबशी
‘थंडीतला निवांत शनिवार’ हा लेख परवा वाचला. पुण्यातले गृहस्थ, सहकारनगरात घर, दोन मुलं. सातला गोधडीतून बाहेर, आल्याचा चहा, तळजाईवर चक्कर, उतरताना मिसळ. मग मंडई, तिथून सासवडचा पाच किलो मटार (किलोमागे दहा रुपये पाडून घेतले, हेही आवर्जून लिहिलंय). दुपारी मटार उसळ, डुलकी, संध्याकाळी मुलांना घेऊन सारसबाग, रात्री पिठलं-भाकरी. शेवटचं वाक्य: ‘दिवसभर काहीच केलं नाही. यालाच सुख म्हणतात.’ खाली सगळे वा वा करतायत.

मी लेख दोनदा वाचला. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. चहा ‘आला’. आंघोळीचं पाणी ‘तापलेलं होतं’. उसळ ‘झाली’. भाकरी ‘पानात पडली’. अहो, मराठीत कर्ता नावाचं काहीतरी असतं ना? शाळेत क्रियापदाला ‘कोण’ विचारून शोधायचो. तुमच्या शनिवारात विचारून बघा.

माझा शनिवार साडेपाचला सुरू होतो, कारण धाकट्याची शाळा शनिवारी सकाळची. बाहेर काळोख, ओट्याचा कडप्पा बर्फासारखा, नळाखाली हात धरला की कोपरापर्यंत कळ. डबा, गीझर, सासूबाईंचा काढा. नवऱ्याला सुट्टी असते, म्हणून तो ‘आज निवांत’ असतो. त्याचा निवांतपणा फुकट येत नाही, एवढंच म्हणणं आहे.

गोधडीवाला
लेख माझाच. पेन्सिल घेऊन वाचलंत, आभारी आहे, इतक्या बारकाईने माझा साहेबही माझं काही वाचत नाही. पण सोमवार ते शुक्रवार सव्वानऊला घर सोडतो नि साडेसातला परत येतो. एक दिवस पाय पसरले तर त्याचा हिशेब मागायचा? आणि भाजी मीच आणली. बरोबर दोन पिशव्या, पाच किलो मटार, पार्किंगपासून चालत.

कपबशी
पाच किलो मटार आणला हे खरंच काम केलंत. पाच किलो मटार *सोलला* कुणी?

गोधडीवाला
सगळ्यांनी मिळून. टीव्हीसमोर. लेखात आहे ते.

कपबशी
लेखात आहे, ‘मुलं आणि मी दाणे तोंडात टाकत बसलो’. त्याला सोलणं म्हणत नाहीत, तूट म्हणतात.

अडीचशनिवार
तुम्हा दोघांचं चालू द्या. मुळात शनिवारची सुट्टी आहे कुणाला? राज्य सरकारी लोकांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला. आम्ही बँकवाले 2015 पासून दुसऱ्या-चौथ्या शनिवारावर अडकून पडलोय. पहिल्या शनिवारी काउंटरवर उभे असतो आणि समोर हेच सुट्टीवाले येऊन म्हणतात, ‘आज गर्दी फार हो’. अरे, ती गर्दी तूच आहेस!

निफाडची_थंडी
पुण्यात कसली थंडी? चौदा अंशांत कानटोपी घालणाऱ्यांनी गोधडीवर लेख लिहू नयेत. निफाडला या. पारा पाच-सहावर उतरला की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून रात्री दोनला उठून बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. आमच्या तीर्थरूपांचे हिवाळ्यातले शनिवार असेच गेले. त्यावर कुणी वा वा केलं नाही.

सासवडकर
मंडळी, भांडा. पण डिसेंबरात ‘सासवडचा मटार’ कुठून आला, ते आधी सांगा.

आमच्या पुरंदरात मटार पावसावर पेरतात. श्रावण-भाद्रपदात शेंगा तोडायला येतात, तेव्हा सासवडच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. थंडीत पुण्यात जो ढीग लागतो त्यातला पुष्कळसा मध्य प्रदेशातला, जबलपूरकडचा. चांगला असतो, नाव ठेवत नाही. पण गाळ्यावरचा माणूस ‘सासवड, सासवड’ ओरडतो आणि तुम्ही खूश होऊन पिशवी पुढे करता.

गोधडीवाला
मी वीस वर्षं मंडईत भाजी घेतोय. दाणा गोड होता. गोड म्हणजे सासवड.

सासवडकर
गोड म्हणजे ताजा, किंवा थंडीत आलेला. शेंग तोडली की दाण्यातली साखर पिठूळ व्हायला लागते, उन्हात लवकर, गारठ्यात सावकाश. डिसेंबरात दोन दिवस ट्रकमध्ये राहूनही गोडी टिकते ती हवेमुळे. उलट आमचा भाद्रपदातला माल दुपारपर्यंत पोत्यात तापला की गेला. वीस वर्षं मंडईत जाऊन भाजी कळत असती तर गाळ्यावरचे हमाल कृषी विद्यापीठात शिकवायला असते.

पेठेतला_जुना
जरा जपून. मंडई 1886 ची आहे, तुमच्या-आमच्या आधीची. तिथल्या लोकांना खोटारडे म्हणू नका. आणि रब्बीचा मटार तुमच्याकडे अजिबात होत नाही का? माझे मामा जेजुरीजवळचे, त्यांच्याकडे संक्रांतीच्या सुमारास शेंगा खाल्ल्यात.

सासवडकर
विहिरीला पाणी असलं तर होतो. थोडा. मान्य. मामांच्या वाफ्यातल्या चार पाट्या अख्ख्या पुण्याला पुरत असतील तर माझं काही म्हणणं नाही.

आता ते दहा रुपये पाडले, त्याबद्दल. ते वाचून खरं तर मी लिहायला बसलो. मागच्या वर्षी तोडणीला आणि पावसाला एकच मुहूर्त मिळाला. ओली शेंग काळी पडते. सकाळी बाया लावल्या, संध्याकाळी टेम्पो भरला, रात्री पुण्याला. आडत्याकडून विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात आली तेव्हा तोलाई, हमाली, भाडं वजा जाऊन तोडणीची मजुरी जेमतेम निघाली. बियाणं-खत तर सोडाच. आईने पट्टी बघितली आणि काही न बोलता दिवा लावायला गेली. तुमचे दहा रुपये कुठल्या टोकाला कापले जातात, ते गाळ्यावर दिसत नाही.

गोधडीवाला
आता भाव केला हाही गुन्हा! मॉलमध्ये छापील किंमत देतो तेव्हा ती काय तुमच्या आईला मिळते? मध्यमवर्गाने चहा प्यायला तरी पाप, मटार घेतला तरी पाप. लेख एका साध्या दिवसावर होता हो. माझे वडील गिरणीतून पाळी करून यायचे नि रविवारी दिवसभर झोपायचे. मी त्यांच्याबरोबर टेकडीवर कधी गेलोच नाही. माझी मुलं माझ्याबरोबर जातात. मला एवढंच लिहायचं होतं, ते मटारात बुडालं.

कपबशी
ते लिहिलं असतंत तर मी पेन्सिल उचललीच नसती. लेखात मिसळीच्या तर्रीवर आठ ओळी आहेत, वडिलांवर एकही नाही.

आणि सासवडकर, ‘बाया लावल्या’ हे तुम्हीही किती सहज लिहिलंत. ओल्या रानात दिवसभर वाकून शेंगा तोडणाऱ्या बायांचा शनिवार कसा असतो?

सासवडकर
तोडणीच्या दिवसांत शनिवार-रविवार असं काही नसतं. त्यात आमची मंडळीही असते. मजुरी न घेता. झालं समाधान?

कपबशी
अर्धं.

निफाडची_थंडी
थंडीचं कुणी बोलेना, म्हणजे पुणेकरांनी हार मानली असं समजतो.

अडीचशनिवार
उद्या पहिला शनिवार. मी उद्या काउंटरवर आहे. ज्यांना निवांतपणावर बोलायचंय त्यांनी पासबुक घेऊन यावं.

गोधडीवाला
आज शनिवार. टोमणे मारून झाले असतील तर सांगतो: सहाला उठून गीझर मी लावला. चहा मी ‘केला’, कर्ता लिहून घ्या. साखर दोनदा पडली. गीझर बंद करायचा राहिला तो तासभर तसाच, आणि त्यावरून आता स्वयंपाकघरात वेगळीच चर्चा चालू आहे. मंडईत आज गेलो नाही.

सासवडकर
जा की. मटार राहू दे, अंजीर विचारा. खट्टा बहार, म्हणजे अंजिराचा थंडीतला बहार, चालू आहे, तो मात्र या दिवसांत आमचाच असतो. आणि भाव करू नका.

गोधडीवाला
पाच रुपये तरी?