फॉरवर्ड पासचं श्रेय १९०६च्या सेंट लुईस संघाला द्यायचं का?

तिरपी_फेक (धागाकर्ता)

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये फॉरवर्ड पासचा (चेंडू हाताने पुढे फेकून साथीदाराला देण्याचा) विषय निघाला की लोक १ नोव्हेंबर १९१३चा नोट्र डेम विरुद्ध आर्मी (वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा संघ) सामना पुढे करतात. वेस्ट पॉइंटवर ३५-१३, गस डोरेसचे १७ पैकी १४ पास नेमके पोचलेले, पलीकडे झेलायला क्नूट रॉक्ने. सामना मोठाच होता, वाद नाही. पण तोवर पास कायदेशीर होऊन सात वर्षं उलटली होती. माझं मत: पासचं हत्यार घडवलं सेंट लुईस विद्यापीठाने, १९०६च्या एका मोसमात. ११ सामने, ११ विजय, ४०७ गुण केले आणि ११ दिले.

नव्या वाचकांसाठी थोडं मागचं. १९०५पर्यंत तीन डाऊनमध्ये (डाऊन म्हणजे चेंडू पुढे न्यायची एक संधी) ५ यार्ड काढायचे असत, नाहीतर चेंडू समोरच्यांना. एवढ्यासाठी मैदान मोकळं करायची गरजच नव्हती. कबड्डीतल्या साखळीसारखं एकमेकांना धरून मधोमध घुसायचं की काम झालं. त्या मोसमात किमान १८ खेळाडू दगावले. ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष रूझवेल्टनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं. मोसम संपल्यावर कोलंबियाने खेळच बंद केला, स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया रग्बीकडे वळले. १९०६च्या नियमांत तीन डाऊनमध्ये १० यार्ड, दोन फळ्यांमध्ये चेंडूच्या लांबीएवढी मोकळी पट्टी, ७० ऐवजी ६० मिनिटांचा खेळ आणि फॉरवर्ड पासला परवानगी आली.

बाकीचे प्रशिक्षक हा पास धरावा की सोडावा या विचारात असताना सेंट लुईसचा प्रशिक्षक एडी कोचम्स पोरांना घेऊन विस्कॉन्सिनमधल्या लेक ब्यूलाला गेला आणि उन्हाळाभर त्याच्यावरच घाम गाळला. त्याची सूचना एवढीच: चेंडूवरच्या दोरीच्या, टोकाजवळच्या शेवटच्या दोन टाक्यांच्या मध्ये बोटं घाला, कारण घेर तिथे सर्वांत कमी असतो, आणि मनगटाला पीळ देऊन चेंडू लांबट अक्षाभोवती फिरेल असा फेका. त्याचा खेळाडू ब्रॅडबरी रॉबिन्सन तासाभरात परत आला तो चाळीस यार्ड फेकता येतो हे सांगायलाच.

५ सप्टेंबरला वॉकेशात कॅरल कॉलेजविरुद्ध पहिला पास कोणाच्या हाताला लागला नाही, चेंडू समोरच्यांकडे गेला. तरी पुन्हा फेकला. रॉबिन्सनकडून जॅक श्नायडरला २० यार्ड, टचडाऊन (चेंडू गोलरेषेपार नेऊन गुण). सामना २२-०.

चुन्याची_रेघ

सहमत नाही. पहिला कायदेशीर पास त्यांचा, हे मान्य. वेस्लियनने येलविरुद्ध टाकला तो ३ ऑक्टोबरला, म्हणजे जवळजवळ महिनाभराने. पण "पहिला" आणि "पाया" यांत फरक आहे.

४०७-११ हा आकडा तुम्ही पुराव्यासारखा मांडलाय, तो उलट तुमच्याच अंगावर येतो. अख्ख्या मोसमात ज्यांना ११ गुण बसले, त्यांच्यासमोर चेंडू गमावला तरी काय बिघडणार होतं? समोरचा संघ गोलपर्यंत पोचतच नसेल तर जुगार फुकटचा. यादीत येल नाही, हार्वर्ड नाही, प्रिन्स्टन नाही, पेन (पेनसिल्व्हेनिया) नाही, शिकागो नाही, मिशिगन नाही.

खरी कसोटी पाहायची तर १९०७चा कार्लाइल (मूलनिवासी अमेरिकन मुलांच्या शाळेचा संघ) घ्या. पॉप वॉर्नरचा संघ, १० विजय आणि प्रिन्स्टनकडून एक पराभव. पेनला त्यांच्याच मैदानावर २६-६, हार्वर्डला २३-१५, शिकागोला १८-४. शिकागोविरुद्ध अल्बर्ट एक्सेंडाइन सीमारेषेबाहेर गेला, शिकागोच्या बाकामागून पळत वळसा घालून पुन्हा आत आला आणि पीट हाउझरचा पास घेतला. तेव्हा ते नियमात बसत होतं. बलाढ्य संघाची बचावाची घडी पासने मोडणं ते हे.

तिसरा_डाऊन

जुगाराबद्दल एक शंका. तिसऱ्या डाऊनला लांब पास टाकला आणि तो पडला तर एरवीच्या पंटसारखंच (चेंडू लाथेने लांब मारून देण्यासारखंच) झालं ना? चेंडू तसाही द्यायचाच होता.

चुन्याची_रेघ

नाही, तीच तर गोम आहे. कोणाचाही हात न लागता पास जमिनीवर पडला तर चेंडू समोरच्यांना मिळायचा तो *जिथून फेकला त्या जागी*. पंटने तुम्ही चाळीस यार्ड कमावता, पडलेल्या पासने शून्य. त्यात फेकणारा दोन फळ्यांमधल्या रेषेच्या मागे उभा, म्हणजे तेवढे यार्ड उलटे गेले.

बाकीच्या अटीही पाहा:
– स्नॅपच्या (खेळ सुरू करताना चेंडू मागे देण्याच्या) जागेपासून डावी-उजवीकडे निदान ५ यार्ड सोडूनच चेंडूने रेषा ओलांडायची. म्हणजे फेकणाऱ्याने आधी आडवं पळायचं, आणि बचावाला बाजू कळून चुकायची.
– झेलायला फक्त दोन टोकांचे आणि रेषेमागचे खेळाडू.
– हात न लागता पास गोलरेषेपलीकडे गेला की टचबॅक, म्हणजे चेंडू समोरच्यांना. म्हणून टचडाऊन हवं असेल तर चेंडू अलीकडे झेलून पळत जायचं.
– झेलणाऱ्याला संरक्षण शून्य. चेंडू हवेत असताना त्याला आडवा केला तरी चालायचं.

तिरपी_फेक

अटी बरोबर मांडल्यात, आणि त्याच माझ्या बाजूने बोलतात. इतकी शिक्षा असताना पास परवडेल कधी? फेक वारंवार पोचली तरच. २९ नोव्हेंबरला स्पोर्ट्समन्स पार्कवर आयोवाविरुद्ध १० पैकी ८ पास पोचले, सरासरी २० यार्ड. निकाल ३९-०. दहात दोनदाच चेंडू जातो आणि आठदा सरासरीने नवे तीन डाऊन पक्के होतात, याला जुगार म्हणत नाहीत. कॅन्ससही छोटं कॉलेज नव्हतं, ते ३४-२ने हरलं.

फरक फेकीच्या तंत्रात होता. पूर्वेकडे पास म्हणजे उंच, हळू टाकलेला चेंडू. खाली झेलणारा थांबून वाट बघणार आणि सोबती त्याच्याभोवती कडं करणार. चेंडू खाली येईपर्यंत बचावातले निम्मे तिथे हजर. सेंट लुईसचा पास खांद्यावरून, सपाट आणि जोरात, धावत्या खेळाडूच्या पुढ्यात. त्यामुळे झेलल्यावर पाऊल थांबत नाही, आणि गोलरेषेच्या अलीकडे झेलायची अट आपोआप पाळली जाते. त्या सामन्याचा पंच वेस्ट पॉइंटचा लेफ्टनंट हॅकेट होता. पूर्वेकडचा खेळ पाहिलेला माणूस, आणि त्याने नेमका हाच फरक सांगितला.

कार्लाइल थोरच. पण ते सगळं पुढच्या वर्षीचं, आणि तोवर नियमही सैल झाला होता: १९०७मध्ये पहिल्या-दुसऱ्या डाऊनला पास पडला तर १५ यार्डांचा दंड, चेंडू आपल्याकडेच.

जाड_चेंडू

दोघं नियमांवर भांडताय, चेंडूकडे कोणी बघेना. १९०६चा चेंडू रग्बीच्या चेंडूसारखा पोट सुटलेला. मधला घेर १९१२मध्ये साडेबावीस ते तेवीस इंच ठरला आणि १९३४पर्यंत सव्वाएकवीस ते साडेएकवीसवर आला. आजचा चेंडू पकडणाऱ्याला १९०६ची अडचण हातात धरल्याशिवाय कळायची नाही: पंजा मधोमध बसतच नाही, बोटं घसरतात, चेंडू कोलांट्या खात जातो. म्हणून मला त्या टाक्यांच्या सूचनेचं अप्रूप आहे. पण लांब बोटांचा, दणकट मनगटाचा एक रॉबिन्सन मिळणं म्हणजे पद्धत तयार होणं नव्हे. सर्वसाधारण हाताला पास जमू लागला तो चेंडू बारीक झाल्यावर. श्रेय द्यायचंच तर थोडं १९१२च्या नियम समितीला द्या. चौथा डाऊन, गोलरेषेमागे १० यार्डांची झेलायची जागा, पासच्या लांबीवरची २० यार्डांची मर्यादा रद्द, सगळं त्याच वर्षीचं.

चुन्याची_रेघ

+१. म्हणूनच १९१३ महत्त्वाचं. डोरेस-रॉक्ने सीडर पॉइंटला उन्हाळ्यात सराव करत होते तेव्हा चेंडूही नवा, नियमही नवे. आणि सेंट लुईसने पाया घातला म्हणता, तर त्यावर लगेच बांधकाम कोणी केलं? नोव्हेंबर १९०६मध्ये येलने हार्वर्डला ६-०ने हरवलं त्यात व्हीडरने फोर्ब्सला टाकलेला पास निर्णायक होता. तो सेंट लुईसकडे पाहून शिकलेला दिसत नाही.

तिरपी_फेक

येलने मोक्याला एक पास टाकला. सेंट लुईसने पासवर अख्खं आक्रमण रचलं. या दोन गोष्टी एका तागडीत कशा घालता?

बांधकामाचं म्हणाल तर कोचम्सने १९०७मध्ये स्पाल्डिंगच्या वार्षिक मार्गदर्शिकेत पासवर सविस्तर लेख लिहिला. संपादक खुद्द वॉल्टर कँप, अमेरिकन फुटबॉलचा जनक मानला जाणारा. तेव्हा माहिती लपून राहिली नव्हती. आणि ज्याच्या नावावर तुम्ही १९१३ लावताय त्या रॉक्नेनेच पुढे लिहिताना कोचम्सचं नाव घेतलंय. मात्र बॉस्टन-न्यूयॉर्कचे वार्ताहर १९०६मध्ये सेंट लुईसला सामने बघायला जात नव्हते, आणि १९१३मध्ये वेस्ट पॉइंट त्यांच्या अंगणात होतं.