डोंगरमाथ्यावरची वसंतातली रानफुलं: नेमकं कधी जावं?

पायपीट:
मंडळी, येत्या वसंतात उंचावरच्या खडकाळ कुरणांतली रानफुलं बघायला जायचा बेत आहे. वाट १८०० मीटरवर सुरू होते आणि २६०० पर्यंत चढते. हाताशी एक आठवडा. मागच्या खेपेला कुठेतरी वाचलेली तारीख प्रमाण मानून थेट माथा गाठला, तर वर नुसता चिखल आणि बर्फाचे मळकट ढीग. यंदा फजिती नको. कधी जावं, दिवसाच्या कोणत्या वेळी, आणि लेन्स कोणती घ्यावी? जाणकारांनी सांगावं.

दगडफूल:
तारीख विचारूच नका, बर्फ कुठवर वितळलाय ते विचारा. फुलं कॅलेंडर बघून येत नाहीत, बर्फाच्या काठामागून वर चढत जातात. तुम्ही चिखल बघून परत फिरलात तेव्हा दोनतीनशे मीटर खाली बहुतेक बहर ऐन भरात असणार!

अँड्र्यू हॉपकिन्स या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाचा १९१८ सालचा एक ठोकताळा आहे: दर ४०० फूट चढलं की वसंत साधारण चार दिवस उशिरा. त्या हिशोबाने तुमच्या वाटेच्या तळाशी आणि माथ्याशी जवळजवळ २६ दिवसांचा फरक पडतो. ढोबळच आहे हे. उतार कोणत्या दिशेला आहे त्यावर बरंच बदलतं. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडचा उतार आधी फुलतो, उत्तरेकडचा मागे राहतो. पण आठवडाभर वर-खाली करायची तयारी असेल तर बहर चुकायचा नाही.

जुन्या लेखांतल्या तारखांवर विसंबू नका, याला आणखी एक कारण आहे. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या गॉथिक इथे जीवशास्त्रज्ञ डेव्हिड इनोये आणि सहकारी १९७०च्या दशकापासून ठरावीक चौकटींतली फुलं मोजत आले आहेत. २०१४ मध्ये त्यांनी ३९ वर्षांचा हिशोब मांडला, तर फुलांचा हंगाम ३५ दिवसांनी वाढलेला निघाला.

रानभूल:
+१. बर्फाचा काठ तर सोडूच नका. आल्प्समध्ये सोल्डानेला नावाचं एक चिमुकलं जांभळं फूल आहे, झालरीच्या टोपीसारखं. ते बर्फ संपायची वाट बघत नाही. पातळ झालेल्या थराला आपल्यापुरतं भोक पाडून वर येतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, कुणीतरी गंमत म्हणून फूल बर्फात खोचून ठेवलंय.

मोठ्या शिळांच्या उन्हाकडच्या बाजूलाही बघा. दगड तापतो, त्याच्याभोवतीचा बर्फ आधी जातो. फटीत सॅक्सिफ्रागा दिसेल. या लॅटिन नावाचा अर्थ 'दगड फोडणारा', आणि आपला पाषाणभेद त्याच कुळातला. दोन भाषांना एकच गोष्ट सुचली याचं मला फार अप्रूप आहे.

भिंगवाला:
वेळ: पहाटे, दव असताना. लेन्स: १०० मिमी मॅक्रो. विषय संपला.

दगडफूल:
नाही हो, इतक्यात संपत नाही. पहाटे जेन्शियनची फुलं मिटलेली असतात. ऊन अंगावर आल्याशिवाय तो गडद निळा रंग उघडतच नाही, आणि ढग आले की पुन्हा मिटतात. मी एकदा तासभर एकाच झुबक्यासमोर बसून होतो, ढग हलेना आणि फूल उघडेना. पहाटेचं दव पल्साटिलासाठी ठीक. तिच्या कळीवर, देठावर सगळीकडे रेशमी लव असते आणि प्रत्येक केसावर दवाचा थेंब अडकलेला. बाकी फुलांसाठी नऊ-दहानंतर निघा.

रानभूल:
लेन्ससाठी खिसा रिकामा करू नका. फोन उलटा धरा, म्हणजे कॅमेरा जमिनीलगत येतो. ही फुलं बोटभर उंचीची. उभं राहून काढलेल्या फोटोत नुसते ठिपके येतात. पालथं पडायची तयारी हवी.

एकच विनंती. सायलीन अकॉलिस नावाच्या रोपट्याच्या हिरव्या उश्या दिसतील, गुलाबी फुलांनी भरलेल्या. मऊ शेवाळ समजून लोक त्यावर पाय देतात, काही जण तर टेकतात. ती इतकी सावकाश वाढते की ताटलीएवढी उशी कित्येक दशकांची असू शकते. पानं एकमेकांना घट्ट चिकटून वारा अडवतात, उन्हात आत बाहेरच्या हवेपेक्षा चांगलीच ऊब असते. आणि एक बघाच: उत्तर गोलार्धात तिची फुलं आधी दक्षिणेच्या बाजूला उमलतात. अर्धी उशी गुलाबी, अर्धी अजून हिरवी. हिला होकायंत्राचं झाड म्हणतात ते उगीच नाही.

भिंगवाला:
जेन्शियनचं मान्य. मी फुलं कमी आणि दवच जास्त टिपतो, हे घरच्यांनीही सांगून झालंय.

पायपीट:
वा, भरभरून मिळालं! मुक्काम मधोमध, २२०० च्या आसपास करतो. वर बर्फ असला तर खाली, खाली सुकलं असलं तर वर. मॅक्रो रद्द. पालथं पडायला चटईचा तुकडा घेतो.

रानभूल:
चटई खडकावर पसरा हं, गवतावर नको.