शब्दचर्चा : चेक भाषेतलं ‘तिकानी’ आणि ‘विकानी’

प्रश्न

नोकरीसाठी लवकरच ब्रनोला जायचं आहे. चेकची सुरुवातीची पुस्तकं वाचतेय. ‘ति’ म्हणजे तू आणि ‘वि’ म्हणजे तुम्ही, एवढं कळलं. पण ‘तिकात’ आणि ‘विकात’ ही क्रियापदंही सारखी भेटतात. मराठीत त्यांना नेमकं काय म्हणायचं? आणि ‘अहोय’ हे अभिवादन ऑफिसात वरिष्ठांना चालतं का?

प्रतिसाद १

मराठीत दोन्हींना तयार शब्द आहेत. ‘तिकात’ म्हणजे अरेतुरे करणं, ‘विकात’ म्हणजे अहोजाहो करणं. त्यांची नामं तिकानी आणि विकानी. सर्वनामापासून क्रियापद करायची ही सोय इंग्रजीत नाही, आपल्याकडे आहे. त्यामुळे हे शब्द मराठीतूनच समजून घ्यावेत असं माझं ठाम मत आहे.

फक्त छटा सांभाळा. ‘तो मला अरेतुरे करतो’ या मराठी वाक्यात बहुधा तक्रार असते. ‘तिकामे सि’, म्हणजे ‘आम्ही एकमेकांना अरेतुरे करतो’, या चेक वाक्यात जवळीक असते. आणि ही जवळीक आपोआप सुरू होत नाही, कुणीतरी ती देऊ करावी लागते. रीत अशी: वयाने मोठ्याने लहानाला, बाईने पुरुषाला, वरिष्ठाने कनिष्ठाला विचारायचं, ‘आपण तिकानी करू या का?’ मग हात मिळवून दोघंही आपापलं पहिलं नाव सांगतात, आधीपासून माहीत असलं तरी. पुष्कळदा यान नावाचा माणूस तेव्हाच पहिल्यांदा ‘होन्झा’ होतो, कारण होन्झा हे यानचं घरगुती रूप आहे. हाताशी ग्लास असेल तर तिकानीच्या नावाने ते भिडवतात. एकदा ‘ति’वर आल्यावर परत ‘वि’वर गेलात, तर समोरच्याला आपलं काही बिनसलंय असं वाटू शकतं.

आपल्याकडे नातं ठरलं की सर्वनामही ठरतं: आईला अगं, बऱ्याच घरांत बाबांना अहो, मामाला अरे किंवा अहो. आजच्या चेक घरात आई, वडील, आजी, आजोबा सगळ्यांना ‘ति’. पूर्वी खेड्यांत मुलं आईवडिलांना अहोजाहो करत. सासूसासऱ्यांशी मात्र आजही पुष्कळ जण ‘वि’नेच सुरुवात करतात आणि तिकानी त्यांच्याकडून यायची वाट पाहतात. देव तिथेही एकेरीच. ख्रिस्ती प्रार्थनेतल्या स्वर्गातल्या बापाला ‘ति’ म्हणतात, जसं आपण विठोबाला तू म्हणतो.

आता ‘अहोय’. मराठी कानाला त्यात ‘अहो’ ऐकू येतं, पण ते पलीकडच्या बाजूचं आहे: ज्यांच्याशी तिकानी आहे त्यांनाच अहोय म्हणायचं. वरिष्ठांना, डॉक्टरांना, दुकानदाराला, जिन्यात भेटणाऱ्या शेजारच्या आजींना ‘दोब्री देन’, आणि निघताना ‘ना स्खलेदानोउ’. छोट्या दुकानात किंवा दवाखान्याच्या प्रतीक्षाखोलीत शिरतानाही दोब्री देन म्हणायची पद्धत आहे. न बोलता जाऊन बसणं तिथे खटकतं.

अहोय हा मुळात खलाशांचा पुकारा. चेक देशाला समुद्र नाही, तरी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नौकाविहार करणारे, बालवीर आणि रानावनांत भटकणाऱ्या तरुणांच्या टोळ्या यांच्यामार्फत तो रोजच्या बोलण्यात रुळला. नदीवर त्याचा जुना नियम अजून टिकून आहे. व्ल्तावा नदीत विशि ब्रोद ते चेस्की क्रुमलोव या पट्ट्यात उन्हाळ्यात होड्यांची रीघ असते, आणि तिथे अनोळखी माणसंही वयाचा विचार न करता होडीतून होडीला अहोय म्हणतात. किनाऱ्यावर आलं की पुन्हा दोब्री देन.

प्रतिसाद २

व्याकरणातली एक खोच जोडतो. एकाच माणसाला आदराने बोलताना मराठीत सगळं क्रियापद अनेकवचनी होतं: ‘तुम्ही कुठे होतात?’ एकाला तेच, दहांना तेच. चेकमध्ये भूतकाळात साहाय्यक क्रियापद अनेकवचनी, पण मुख्य धातूचं रूप एकवचनीच राहतं आणि लिंगानुसार बदलतं. पुरुषाला ‘बिल स्ते’, बाईला ‘बिला स्ते’, अनेकांना ‘बिलि स्ते’. एकट्या माणसाला ‘बिलि स्ते’ म्हणणं चेकमध्ये चूक, शेजारच्या स्लोव्हाकमध्ये मात्र अनेकवचनच बरोबर.

आणि संबोधन विसरू नका. रामचं ‘रामा’, मुलंचं ‘मुलांनो’ होतं, तशी ही विभक्ती चेकमध्ये अगदी जिवंत आहे. याना नावाच्या बाईला हाक मारताना ‘यानो’, इवानला ‘इवाने’, श्री. नोवाक यांना ‘पाने नोवाकु’. परक्या माणसाने हे बरोबर म्हटलं की ऐकणाऱ्याचा चेहरा खुलतो. पहिल्या आठवड्यात दुसरं काही नाही तरी सहकाऱ्यांच्या नावांची संबोधनं पाठ करा.

प्रश्नकर्ती

फार उपयोगी पडलं. मराठीत ‘आपण’ही आहे. तशी तिसरी पायरी चेकमध्ये आहे का?

प्रतिसाद १

आता नाही, पूर्वी होती. ‘ओनि’ म्हणजे ते, अनेकवचनी. समोरच्यालाच ‘ते’ म्हणून बोलायचं, ते ओनिकानी. जर्मनच्या प्रभावाने ते आलं आणि एकोणिसाव्या शतकात शहरांत चांगलं रुजलेलं होतं. आज जुन्या काळाची नक्कल करतानाच ऐकू येतं. ‘साहेबांनी चहा घेतला का?’ असं साहेबांनाच विचारतो ना आपण, त्याच्या जवळचं. एकवचनी ‘तो’ वापरूनही बोलत, पण ते नोकराचाकरांशी, शिकाऊ पोरांशी. म्हणजे तृतीय पुरुषाने आदरही दाखवता येई आणि पायरीही.

प्रतिसाद ३

थोडं विषयांतर, पण ब्रनोला जाणाऱ्या मराठी माणसाला हे सांगायलाच हवं. ‘पूल द्रुहे’ म्हणजे किती वाजले? शब्दशः ‘दुसऱ्याचा अर्धा’. इंग्रजीच्या सवयीने लोक अडीच समजतात, पण ते दीड आहेत. दुसरा तास अर्धा झाला, हा हिशेब. आपलं ‘दीड’ याच हिशेबातून आलंय आणि ‘अडीच’ तर सरळ संस्कृत अर्धतृतीय, तिसरा अर्धा. ‘औट घटकेचं राज्य’ यातलं औट म्हणजे अर्धचतुर्थ, साडेतीन. आपण ‘साडे’ची सोय केली आणि दीड-अडीचपुरताच जुना हिशेब ठेवला. चेकमध्ये घड्याळातल्या प्रत्येक साडेला तो चालतो. साडेपाच म्हणजे ‘सहाव्याचा अर्धा’.

सव्वा आणि पाऊणही तसेच. सव्वा वाजला हे ‘दोनकडे पाव’, पावणेदोन हे ‘दोनकडे पाऊण’. नेहमी येणाऱ्या तासाचं नाव. डॉक्टरांची किंवा घरमालकाची वेळ तोंडी ठरली, तर 13.30 असं आकड्यांत लिहून दाखवा आणि होकार घ्या.